स्थापत्य अभियंत्याने पाणी आणि हवामान बदलाच्या संशोधनाकडे वळावे का, आणि कोणत्या वाटेने?

प्रश्न: सांगलीवाडी

नमस्कार. मी सांगलीची असून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यापासून एका सल्लागार संस्थेत पूल आणि मोऱ्यांच्या आराखड्यांचे काम करते. या कामाचा बराचसा भाग जलविज्ञानाच्या गणितांचा असतो. नाल्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखायचे, केंद्रीय जल आयोगाच्या उपविभागवार पूर अंदाज अहवालातून पन्नास किंवा शंभर वर्षांच्या वारंवारितेचा, म्हणजे सरासरीने इतक्या वर्षांतून एकदा येणारा पाऊस काढायचा, त्यावरून महत्तम विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे जास्तीत जास्त पाणी) काढायचा आणि शेवटी पुलाचा जलमार्ग, म्हणजे पुलाखालून पाणी जाण्याची रुंदी, ठरवायचा, हा आमचा नेहमीचा क्रम आहे. कोकणातील कामांसाठी आम्ही जो अहवाल वापरतो तो 1992 चा आहे. त्यातील पावसाच्या नकाशांत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला पडलेला 944 मिलिमीटर पाऊस नाही, आणि जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात पडलेला 594 मिलिमीटर पाऊसही नाही. त्याच जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. अहवालातील आकडा घेऊन मी पुलाची रुंदी ठरवते, तेव्हा हा आकडा आजही खरा आहे का, हे कोणी तपासायचे असते, असा प्रश्न मला पडतो. वरिष्ठांना विचारले की आराखड्याच्या नियमसंहितेत जे आहे तेच घ्यावे लागते असे उत्तर मिळते, आणि कामाच्या दृष्टीने ते चुकीचेही नाही.

म्हणूनच पाणी आणि हवामान या विषयात एम.टेक. व पुढे पीएच.डी. करण्याचा विचार मनात आहे. माझी मुख्य शंका अशी आहे की हवामानाचे संशोधन भौतिकशास्त्र आणि वातावरणशास्त्र शिकलेली मंडळी करतात. त्यात स्थापत्य अभियंत्याला खरोखर जागा आहे का, की तो दुसऱ्यांनी तयार केलेली प्रारूपे (संगणकीय मॉडेल) चालवणारा माणूस होऊन राहतो? अभ्यासाची सुरुवात कोठून करावी आणि या वाटेने गेलेल्यांना पुढे कोणती कामे मिळतात, हेही जाणून घ्यायला आवडेल. कृष्णेवरच्या आमच्या इर्विन पुलाने 2005 मध्ये 53 फुटांच्या वर, 2019 मध्ये 57 फुटांच्या वर आणि 2021 मध्ये जवळपास 55 फुटांची पातळी पाहिली. हा हवामान बदलच आहे, असे येथे सर्रास बोलले जाते. एखादा अभियंता हे विधान तपासू शकतो का?

प्रतिसाद: जुना उपअभियंता

मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालो असून नोकरीचा मोठा काळ नदीमापन आणि पूर नियंत्रण कक्षात गेला. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात पहिल्या प्रश्नाचेही उत्तर आहे.

इर्विन पुलावरची पातळी ही एकट्या कृष्णेची पातळी नसते. सांगलीच्या खाली हरिपूरजवळ वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. या दोन नद्या फुगलेल्या असल्या की कृष्णेचे पाणी मागे तुंबते, आणि तेवढाच विसर्ग असताना पातळी मात्र कितीतरी वर दिसते. त्यामुळे 2005 च्या 53 फुटांपेक्षा 2019 चे 57 फूट जास्त म्हणून पाणीही त्याच प्रमाणात जास्त आले, असे म्हणता येत नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस किती आणि किती दिवस पडला, कोयना व वारणा धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडले, तिन्ही नद्यांचे पूर एकाच वेळी आले की मागेपुढे, मधल्या वर्षांत पूरक्षेत्रात भराव आणि बांधकामे किती झाली, हे सगळे सुटे करून पाहिल्यावरच उरलेला वाटा हवामानाचा आहे का, हे विचारता येते. हे सुटे करण्याचे काम स्थापत्य अभियंत्याचे आहे. वातावरणशास्त्रज्ञ तुम्हाला पाऊस सांगेल. तो पाऊस नदीत, जलाशयात आणि शहरात गेल्यावर त्याचे काय होते, हे त्याचे क्षेत्र नाही.

आता मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संशोधनाकडे जाणारी मुले आकडे संकेतस्थळावरून उतरवून घेतात आणि ते आले कसे याची चौकशी करत नाहीत, हे मी वारंवार पाहिले आहे. नदीचा विसर्ग दररोज, दर तासाला कोणी मोजत नाही. वाचली जाते ती मोजपट्टीवरची पातळी. विसर्ग मोजायचा असेल तेव्हा पात्राचे आडवे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात खोली घेतात, आणि प्रवाहमापक पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर, किंवा पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी धरून फिरकीच्या फेऱ्या मोजतात. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार पट्ट्यापट्ट्याने करून बेरीज केली की त्या पातळीचा विसर्ग मिळतो. अशा बऱ्याच मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा वक्र बसवतात, आणि पुढे पातळी वाचून वक्रावरून विसर्ग लिहितात.

मोठ्या पुरात मात्र ओंडके आणि कचरा वाहत येतो, प्रवाहमापकाखाली बांधलेले वजन प्रवाहाबरोबर ओढले जाते, दोर तिरका होतो आणि खोलीचा भरवसा उरत नाही. मग तरंगत्या वस्तूचा पृष्ठभागावरचा वेग घेऊन त्याला 0.85 ते 0.9 ने गुणतात, किंवा मोजणी थांबते आणि वक्र वरच्या बाजूला अंदाजाने लांबवला जातो. याचा अर्थ असा की शंभर वर्षांच्या पुराचे संख्याशास्त्र ज्या मोजक्या मोठ्या आकड्यांवर उभे असते, तेच आकडे सर्वांत कमी मोजलेले असतात. हे ज्याला ठाऊक आहे तो निष्कर्ष जपून काढतो.

पावसाचेही तसेच आहे. साधा पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. रात्री दोनपासून दुपारी दोनपर्यंत एकच मोठी सर कोसळली, तर ती नोंदवहीत दोन दिवसांत विभागली जाते आणि दोन्ही दिवस साधारण दिसतात. म्हणूनच दैनिक नोंदीवरून खरा 24 तासांचा महत्तम पाऊस काढताना सुमारे 1.13 हा गुणक लावण्याची पद्धत आहे. हा गुणक सरासरीने ठरवलेला आहे. एखाद्या विशिष्ट वादळाला तो लागू पडेलच असे नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की प्रवेशाची तयारी करत असतानाच आपल्या भागातील एखाद्या मापन केंद्रावर परवानगी काढून जावे आणि मोजणी पाहावी. केंद्रीय जल आयोगाची अर्जुनवाड आणि कुरुंदवाड ही केंद्रे तुम्हाला जवळच आहेत. नाशिकची मेरी, म्हणजे 1959 पासून चालत आलेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आणि खडकवासल्याची 1916 पासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा येथेही पाहण्याजोगे पुष्कळ आहे. खडकवासल्यात धरणाचे सांडवे आणि बंदरे यांची लहान प्रमाणातील भौतिक प्रारूपे बांधून पाणी सोडून पाहतात.

प्रतिसाद: घाटमाथा

मी स्थापत्य अभियंताच आहे. आयआयटीत जलविज्ञानात पीएच.डी. करून सध्या परदेशातील एका विद्यापीठात अतिवृष्टी आणि पूर यांवर काम करतो. वरचा प्रतिसाद इतका मोलाचा आहे की मी फक्त त्याच्या पुढचे लिहितो.

जागा आहे का, या शंकेचे उत्तर देणारे एक ठळक उदाहरण आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईच्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक सुबिमल घोष यांना 2019 चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले, आणि ते अभियांत्रिकी शाखेत नव्हे, तर पृथ्वी, वातावरण आणि महासागर विज्ञानाच्या शाखेत मिळाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. प्र. प्र. मुजुमदार यांनी जलसंपदा आणि हवामान बदलाचा परिणाम या विषयावर दीर्घकाळ काम केले, तेही स्थापत्य विभागातूनच. रुरकीला राष्ट्रीय जलविज्ञान संस्था 1978 पासून आहे आणि तेथील आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. दक्षिण आशियासाठी प्रादेशिक हवामान प्रारूपांचे काम तेथे चालते आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालासाठी वापरल्या गेलेल्या जागतिक प्रारूपांत तेथील प्रारूपाचाही समावेश होता. म्हणजे दारे बंद नाहीत. प्रश्न आत जाऊन काय करायचे हा आहे.

प्रारूपे चालवणारा माणूस होऊन राहण्याची तुमची भीती खरी आहे, आणि ती बाळगणे चांगले. जागतिक हवामान प्रारूपांची चौकट, म्हणजे ज्या चौरसासाठी ती एकच आकडा देतात तो, साधारण शंभर किलोमीटरची असते. घाटाच्या उताराचा पट्टा त्याहून अरुंद आहे, त्यामुळे अशा प्रारूपात सह्याद्री एका बुटक्या, पसरट उंचवट्यासारखा उरतो. आता महाबळेश्वर आणि वाई घ्या. सरळ रेषेत अंतर सुमारे 25 किलोमीटर; महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाईला त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. भारतीय हवामान विभाग 1901 पासूनच्या दैनिक पावसाची जी चौकटवार माहिती देतो, तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे जवळपास याच अंतराएवढी आहे. ही माहिती मोफत उपलब्ध आहे, अतिशय उपयुक्त आहे आणि तुम्ही आजच ती उतरवून घेऊ शकता. पण घाटातील एखाद्या लहान पाणलोटासाठी त्या चौकटीतील आकडा म्हणजे डोंगर आणि पर्जन्यछाया यांची सरासरी असते, हे विसरून चालत नाही. एखाद्या पुलाच्या ठिकाणी 2060 साली किती पाऊस पडेल याचा सुबक आलेख संगणक कोणालाही काढून देतो. त्या आलेखावर पुलाची रुंदी ठरवता येईल का, हे सांगण्यासाठी अभियंता लागतो.

आता तुमच्या मूळ अस्वस्थतेकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा संशोधनाचा विषय त्यातच आहे. आपण जेव्हा शंभर वर्षांच्या वारंवारितेचा पूर म्हणतो, तेव्हा दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे आणि ती शक्यता वर्षानुवर्षे तेवढीच राहते, असे आपण गृहीत धरलेले असते. तीस वर्षांच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता, हेच गृहीतक धरून, 26 टक्के निघते. महाराष्ट्रात नदीकाठची निळी पूररेषा 25 वर्षांच्या आणि लाल रेषा 100 वर्षांच्या वारंवारितेच्या पुरावर आखली जाते. म्हणजे काठावरच्या हजारो घरांचे बांधकाम परवाने या एका गृहीतकावर अवलंबून आहेत. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्यातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या 2017 मधील अभ्यासात दाखवले गेले आहे. म्हणजे शक्यता तेवढीच राहते, हे गृहीतक डळमळीत झाले आहे.

मग त्याच्या जागी काय ठेवायचे? बदलत्या काळानुसार बदलणारी संभाव्यतेची वितरणे नोंदींना बसवता येतात, पण चाळीस वर्षांच्या नोंदीतून शंभर वर्षांचा पूर काढणे हेच मुळात ताणलेले काम आहे. त्यात आणखी एक-दोन अज्ञात राशी घातल्या की अंदाजाची रुंदी इतकी वाढते की त्यातून आराखडा करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. काही ठिकाणी संहितेतील आकड्याला एक ठरावीक वाढीव टक्केवारी लावण्याचा मार्ग निवडला जातो. तो सोपा आहे, पण ती टक्केवारी कोकणाला आणि मराठवाड्याला एकच कशी चालेल? शिवाय पाऊस वाढला म्हणून पूर त्याच प्रमाणात वाढेल असे नाही. जूनच्या कोरड्या जमिनीवर पडलेले 200 मिलिमीटर आणि ऑगस्टमध्ये आधीच भिजलेल्या जमिनीवर, भरलेल्या धरणाच्या वर पडलेले 200 मिलिमीटर यांचे पूर वेगळे असतात. लहान नाले आणि शहरी गटारे यांना तर दिवसाचा नव्हे, तासाचा आणि पंधरा मिनिटांचा पाऊस लागतो. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होती आणि ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरील अहवालाने ती ताशी 50 मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली. या 50 च्या आकड्याचे आज काय करायचे, हा प्रश्न हवामानशास्त्र आणि स्थापत्य यांच्या बरोबर सांध्यावर उभा आहे, आणि अशा प्रश्नांना माणसे कमी पडत आहेत.

अभ्यासाविषयी सांगायचे तर संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे दोन विषय पदवीला आपण परीक्षेपुरते करतो. ते मुळापासून पुन्हा करावेत. वितरण बसवणे, विश्वासांतर (अंदाज किती मर्यादेत खरा धरता येईल ती कक्षा), कल तपासणे या गोष्टी हाताने करून पाहिल्याशिवाय तयार आज्ञावली वापरू नये. पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा नीट यावी. पावसावरून विसर्ग काढणारी एचईसी-एचएमएस आणि नदीतील पातळी काढणारी एचईसी-आरएएस या दोन्ही संगणक प्रणाली मोफत आहेत, आणि तुमच्या कामात तुम्ही त्या बहुधा वापरतच असाल. वातावरणशास्त्राचा निदान एक पूर्ण अभ्यासक्रम घ्यावा. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा कोठे सरकला की घाटावर पाऊस कोसळतो, हे कळल्याशिवाय हवामानाच्या लोकांशी बोलणे पुढे सरकत नाही.

सुरुवातीला एक लहान अभ्यास स्वतःच करून पाहा. अर्जुनवाडच्या वरच्या खोऱ्याचा वार्षिक पाऊस आणि वार्षिक विसर्ग घ्या, धरणांतील साठ्याचा फरक आणि खोऱ्याबाहेर वळवलेले पाणी हिशेबात धरा. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला जाते, ते धरले नाही तर सगळा ताळेबंद बिघडेल. घाटातील वरच्या उपखोऱ्यांत तर कधीकधी पडलेल्या पावसापेक्षा वाहून गेलेले पाणी जास्त दिसते. तसे दिसले, तर माथ्यावरचा पाऊस पर्जन्यमापकांच्या जाळ्यात पुरता सापडलेला नाही, असा संशय घ्यावा. हा ताळेबंद तुम्ही व्यवस्थित मांडलात, तर कोणत्याही मार्गदर्शकासमोर ठेवण्याजोगे काहीतरी तुमच्या हातात असेल.

प्रतिसाद: आड-विहीर

वरचे दोन्ही प्रतिसाद पुराविषयी आहेत आणि ते स्वाभाविक आहे, कारण प्रश्न सांगलीहून आला आहे. पण पाणी आणि हवामान म्हणजे पूरच, असा समज होऊ नये म्हणून लिहिते. मी भूजलात काम करते, मराठवाडा आणि विदर्भातल्या गावांत.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टवर आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. धरून ठेवण्याची क्षमता आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे दोन पावसांत विहीर भरते आणि दोन महिने उपसा झाला की तळ दिसतो. पावसाची वार्षिक बेरीज तीच राहून तो थोड्या दिवसांत जोराने पडू लागला, तर मुरण्याचे पाणी घटेल का आणि किती, हा प्रश्न आमच्यासाठी पुराइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर जमिनीचा प्रकार, उतार, पीक आणि उपसा यांनुसार गावागावाला बदलते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. ही दीर्घकाळची नोंद फार मोलाची आहे, परंतु चार नोंदींच्या मधल्या काळात काय झाले हे त्यातून कळत नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे काम आयआयटी मुंबईने केले. पाऊस, अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारे पाणी), मातीतील ओल, पिकाची गरज आणि मुरलेले पाणी यांचा हिशेब एकेका शिवाराच्या पातळीवर करायचा आणि तो ग्रामस्थांना समजेल असा मांडायचा, हेही संशोधनच आहे. तेथे हवामान बदल हा शब्द न उच्चारताही त्याचेच काम चालते: खरिपात पावसाचा खंड पडला तर या शिवारातील सोयाबीनला एक संरक्षित पाणी देण्याइतका साठा आहे का?

एका बाबतीत मी वरच्या मताहून वेगळी आहे. तालुक्याच्या गावी काम करायचे असेल तर पीएच.डी. हीच एकमेव वाट नाही. पुण्यातील वॉटर (पाणलोट विकासाची संस्था) आणि ॲक्वाडॅम (भूजलाची संस्था) यांसारख्या संस्थांत अभियंते आणि भूवैज्ञानिक एकत्र बसून असे अभ्यास करत आले आहेत. आयआयटी मुंबईच्या सितारा या केंद्रातील एम.टेक. ग्रामीण भागाच्या प्रश्नांवरच बेतलेले आहे. सरळ प्रयोगशाळेत जाण्याआधी एक उन्हाळा टँकरच्या गावात काढावा, असे मी कळकळीने सुचवेन. कोणत्या आकड्याची लोकांना खरोखर गरज आहे, हे तेथे लवकर समजते.

प्रतिसाद: सांगलीवाडी

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. पातळी आणि विसर्ग यांतील फरक मला पुस्तकात माहीत होता, परंतु माझ्याच गावच्या पुलाला तो लावून पाहण्याचे कधी सुचले नव्हते. अर्जुनवाडच्या ताळेबंदाला या महिन्यातच सुरुवात करते.

आणखी दोन गोष्टी विचारते. घरी माझ्या पगाराची थोडी गरज आहे, एम.टेक. आणि पीएच.डी. मिळून सहा-सात वर्षे शिष्यवृत्तीवर निघतील का? आणि त्यानंतर प्राध्यापकी सोडून दुसरे काय मिळते? पाहुणेमंडळींचा आग्रह असा आहे की त्यापेक्षा एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यावी.

प्रतिसाद: घाटमाथा

पैशाविषयी स्पष्ट बोलणे बरे. गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. त्यात स्वतःचा खर्च भागतो, घरी पाठवायला उरत नाही. पीएच.डी.ला जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 37,000 आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ शिष्यवृत्ती 42,000 रुपये आहे, वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. त्यात बेताने का होईना, घरी हातभार लावता येतो. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात, त्यामुळे नोकरी न सोडता परीक्षा देऊन ठेवण्यात काहीच अडचण नाही. काही आयआयटींत पदवीवरून थेट पीएच.डी.ला घेतात, कामाचा अनुभव आणि हातातला एखादा नेटका अभ्यास तेथे उपयोगी पडतो. याशिवाय प्रकल्प साहाय्यक म्हणून वर्ष-दीड वर्ष काम करून पाहण्याचीही सोय असते. संशोधनाची दिनचर्या आपल्याला मानवते का हे त्यात कळते, आणि मार्गदर्शकालाही तुम्ही कळता.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाइतकेच आणखी एक पाहा. त्यांचे विद्यार्थी प्रत्यक्ष नदीवर, धरणावर किंवा शहराच्या नाल्यावर गेले आहेत का, आणि त्यांच्या निष्कर्षांचा कोणा विभागाने आराखड्यात उपयोग केला आहे का? आधीच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहून विचारायला संकोच करू नका. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

नंतरच्या कामांविषयी: रुरकी, पाषाण आणि खडकवासला येथील शास्त्रज्ञांची पदे, सल्लागार कंपन्यांतील पूर आणि हवामान जोखमीचे विभाग, पुनर्विमा कंपन्यांत आपत्तींची प्रारूपे करणारे गट, आणि शहरांचे हवामान कृती आराखडे. मुंबईचा असा आराखडा मार्च 2022 मध्ये आला. पण मला सर्वांत मोठे काम दिसते ते धरणांचे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांचे सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले आहे आणि त्यात संकल्पित पुराचा, म्हणजे धरणाचा आराखडा ज्या पुरासाठी केला त्याचा, फेरआढावा सक्तीचा आहे. आपल्या मानकानुसार 60 दशलक्ष घनमीटरपेक्षा जास्त साठ्याच्या धरणाचा सांडवा संभाव्य महत्तम पुरासाठी (त्या ठिकाणी येऊ शकेल असा सर्वांत मोठा पूर) तपासावा लागतो, मधल्या आकाराच्या धरणांचा त्याहून लहान अशा प्रमाणित प्रकल्प पुरासाठी आणि लहानांचा शंभर वर्षांच्या पुरासाठी. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतील कितीतरी धरणांचे पुराचे गणित अपुऱ्या नोंदींवर, हाताने केलेले आहे. हा आढावा घेणारी, नव्या पावसाचा अर्थ समजणारी आणि सांडव्याचे जलशास्त्रही जाणणारी माणसे आज मोजकी आहेत.

प्रतिसाद: जुना उपअभियंता

एमपीएससीला कमी लेखू नका, आणि संशोधनाच्या विरुद्ध पारड्यातही ठेवू नका. माधवराव चितळे यांनी सारी कारकीर्द शासकीय सेवेत केली, केंद्राच्या जलसंपदा मंत्रालयाचे सचिव झाले आणि 1993 मध्ये स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी ठरले. महाराष्ट्राच्या जल व सिंचन आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि 2005 च्या मुंबईच्या पुराची कारणे शोधणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्याआधी विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला 1903 मध्ये जी स्वयंचलित दारे बसवली, तीही सरकारी नोकरीतल्या अभियंत्याने सांडव्यावरून वाया जाणाऱ्या पाण्यावर शोधलेली तोड होती.

सेवेत असताना अभ्यास रजा घेऊन एम.टेक. करता येते, आणि पूर नियंत्रण कक्षात किंवा मेरीत नेमणूक मिळाली तर संशोधनाचा कच्चा माल रोज टेबलावर येतो. कृष्णा-भीमा खोऱ्यात आता पाऊस आणि पातळी स्वयंचलित केंद्रांवरून येते, आणि जलाशय परिचालन सूचीप्रमाणे कोणत्या तारखेला धरण किती भरलेले असावे हे ठरलेले असते. त्या सूचीला धरून राहायचे की पुढच्या तीन दिवसांच्या पावसाच्या अंदाजावर आधीच पाणी सोडायचे, हा निर्णय पावसाळ्यात पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. आधी सोडले आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात लाभक्षेत्र कोरडे राहते. सोडले नाही आणि पाऊस आला, तर तुमची सांगली बुडते. अंदाजातील अनिश्चितता किती असताना किती पाणी सोडणे रास्त, याची रीतसर मांडणी कोयना आणि वारणेसाठी तुम्ही केलीत, तर ती विभागालाही हवीच आहे.

अडचण आहे ती वेळेची. शाखा अभियंत्याला कार्यक्षेत्रावरची कामे, देयके आणि बैठका यांतून सलग दोन तास मिळणे कठीण असते, आणि बदली झाली की हाती घेतलेला अभ्यास तेथेच राहतो. म्हणून गेट आणि एमपीएससी या दोन्ही परीक्षा द्या. पीएच.डी.ची जागा चांगल्या मार्गदर्शकाकडे मिळाली तर ती आधी घ्या, कारण पस्तिशीनंतर शिष्यवृत्तीवर राहणे अवघड होत जाते. अर्जुनवाडचा ताळेबंद करताना कोयनेच्या पश्चिमेकडील वापराचे वार्षिक आकडे लागतील. ते कोणत्या कार्यालयाकडे आणि कोणत्या नमुन्यात मागायचे हे मला व्यक्तिगत निरोपात विचारा, अर्जाचा मसुदा करून देतो.